दाराजवळची खुर्ची

व्यसन सोडणाऱ्यांच्या गटातल्या पहिल्या संध्याकाळी मी वर्गाच्या उंबऱ्यावरच थांबलो. शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, मध्ये दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. पाय आत पडेना. एक वयस्कर गृहस्थ उठून समोरून आले आणि चार पावलं अलीकडेच थांबले. म्हणाले, "बसायचं कुठं ते तुम्ही बघा. दाराजवळची एक खुर्ची आम्ही मोकळी ठेवतो. दाराला कडी लावत नाही. मधेच उठून गेलात तर कुणी मागं येणार नाही."

मी दाराजवळ बसलो. त्याआधी किती दिवसांत मला कुणी असं काही विचारलं होतं ते आठवेना. मला दामटून बसवलं होतं, उठवलं होतं, उचलून नेलं होतं. कुठं बसणार, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी मिरजेत खासगी अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचो, बारा वर्षं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडं कर्नाटकातूनही माणसं इथं येतात, त्यामुळे गाडीला उसंत नसायची. दारू होतीच, नाही म्हणत नाही. ड्युटी संपली की एक क्वार्टर, आणि आमच्या धंद्यात त्याला कुणी व्यसन म्हणत नसे. अपघातातली माणसं उचलल्यावर हाताचा वास जात नाही, मग सगळेच घेतात.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते बदललं. त्या महिन्यातली एक रात्र मी इथं थोडक्यात सांगणार आहे. सगळी सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते पुढं येईल. जत भागातून एका बाईंना घेऊन निघालो होतो. गाडीत ऑक्सिजनचा बी टाइपचा सिलिंडर. तो पूर्ण भरलेला असला तर दीड हजार लिटर, म्हणजे मिनिटाला दहा लिटरनं अडीच तास. माझा पूर्ण भरलेला नव्हता, कारण त्या दिवसांत भरून मिळतच नव्हता. त्यांची मुलगी पुढं माझ्या शेजारी बसली होती. पहिल्या गेटवर बेड नाही, दुसऱ्या गेटवर बेड नाही. तिसऱ्या गेटपाशी मी काचेतून मागं पाहिलं आणि समजलो. मी सायरनच्या बटणाकडं हात नेला तर ती मुलगी म्हणाली, "दादा, बंद करू नका."

एवढंच.

त्यानंतर मला झोप लागायची ती दारू घेऊनच. पुढं पुढं सकाळी हात थरथरायला लागले. स्टेअरिंग धरण्यासाठी सकाळीच घ्यायला लागलो आणि एक दिवस मालकानं चावी काढून घेतली. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. घरी बायको, आई, दोन मुली. मी कुणावर हात टाकला नाही, पण घरात माणूस नसल्यासारखाच होतो. रात्री ओरडत उठायचो, मुली कोपऱ्यात बसून बघायच्या.

घरच्यांनी कुणाकडून तरी एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर मिळवला. केंद्राचं नाव, गाव मी लिहीत नाही. पहाटे साडेचारला चार जण घरात आले. एकानं मागून मानेला धरलं, दोघांनी पाय. खाली गाडी उभी होती, मागच्या सीटवर टाकलं आणि दार लागलं. त्या दाराच्या खिटीचा खट् असा आवाज झाला. बारा वर्षं तो आवाज मी माझ्या हातानं केला होता, दिवसातून वीस वेळा. त्या पहाटे तो आतून ऐकला. बायको दारात उभी होती. तिला सांगितलं होतं की डॉक्टर येऊन समजावून घेऊन जातील. त्या पहाटेबद्दल ती अजून स्वतःला दोष देते, आणि अहो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ, असं मलाच सांगते.

चार महिने तिथं होतो. मार होता, उपाशी ठेवणं होतं, त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. रोज सकाळी 'शेअरिंग' असायचं. सगळ्यांसमोर उभं राहून आपण घरच्यांना काय काय त्रास दिला ते सांगायचं. रडलं तर मनापासून, नाही रडलं तर खोटं. तिसऱ्या आठवड्यात मी ती रात्र सांगितली. सिलिंडर, तीन गेटं, सायरन, सगळं. गट चालवणारा माणूस म्हणाला, "बघा, बेवड्याला प्यायला कारण लागतं." लोक हसले. तो माणूसही कधीकाळी पिणाराच होता, दारू सोडून सहा वर्षं झाली होती त्याला. म्हणजे आपल्यासारखाच त्रास भोगलेला माणूस समोर असला की आपोआप आधार मिळतो, असं काही नसतं. हे मी तिथं शिकलो.

सुटलो त्याच रात्री प्यायलो.

नंतर कळलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे, आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्यात धरलेले आहेत. साखळीनं बांधणं त्यात साफ बंद आहे. अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा रुग्णाचा हक्क आहे. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक असणार? २०१९ मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीत असं निघालं की दारूच्या व्यसनात पुरत्या अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो. बाकीच्या सदतीस घरांत कुणीतरी कुणाला तरी नंबर विचारत असतं. जो नंबर आधी हाती लागेल तो लावतात.

पुढचं वर्ष तसंच गेलं. शेवटी मेव्हणा मला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेला, आणि तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सरळ सांगितलं की एकदम सोडू नका. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावतोसुद्धा. आठ दिवस भरती करून घेतलं, थायमिनची इंजेक्शनं दिली, गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी केल्या. सहाव्या दिवशी बाईंनी विचारलं, "झोपेत काय दिसतं, सांगावंसं वाटतंय का? नसेल तर नका सांगू, गोळी तरीही देते." मी नाही म्हणालो. त्यांनी खरंच पुढं विचारलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि वॉर्डातल्या समाजसेविका ताईंना बोलावलं. त्या ताईंनी मला शाळेतल्या त्या वर्गाचा पत्ता दिला. गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेआठ.

समोरून आलेले ते गृहस्थ एसटीचे निवृत्त कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दारू सोडून एकोणीस वर्षं झालेली. आमच्यात आडनाव विचारत नाहीत, त्यामुळं इथंही तेवढंच. गटात कुणी कुणाचा सल्लागार नाही. जो आधी आला आणि ज्यानं थोडं शिकून घेतलं, तो नव्याचा 'साथी'. मास्तर माझे साथी झाले.

त्यांनी काय केलं हे सांगायला गेलं तर फारच साधं वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मीटिंग सुरू होण्याआधी ते दर वेळी काय काय होणार ते सांगत. आता पाच मिनिटं शांत बसू, मग ज्याला बोलायचंय तो बोलेल, मग चहा, साडेआठला संपेल. आणि साडेआठला संपायचं. पंखा बंद करायचा असला तरी विचारायचे. कुणाच्या मागून जायचं नाही, खांद्यावर हात ठेवायचा तर आधी विचारायचं. बोलायची पाळी आली की 'आज ऐकतो' एवढं म्हटलं तरी चालायचं, आणि असं म्हणणाऱ्याकडं कुणी वळून बघायचं नाही. मी सात आठवडे 'आज ऐकतो' म्हणत राहिलो. आठव्या आठवड्याला मलाच अवघडल्यासारखं झालं. मास्तरांना म्हटलं, बोललो नाही तर काढून टाकाल का? ते म्हणाले, "तिकीट काढलंय न्हवं तुम्ही? मग बसा की. कुठं उतरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. माझी प्यायची वेळ तीच, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या अनुभवावरून त्यांनी ओळखलं असावं. दोन-तीन मिनिटं बोलायचे. जेवायला काय, पाऊस आहे का तिकडं, मुलींची शाळा. दारू घेतली का, हा प्रश्न एकदाही नाही. पण ज्या दिवशी त्यांना जमणार नसे त्याच्या आदल्या दिवशी सांगायचे, "उद्या नातवाचं बारसं आहे, सातला मी करणार नाही, नऊला करतो." आणि नऊला यायचा. माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचं किती मोल असतं ते कसं सांगू? पहाटे साडेचारला कोण येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पुढच्या क्षणाचा भरवसाच उरला नव्हता. मास्तरांनी तो रोज एका फोनानं, तीन मिनिटांनी, थोडा थोडा परत दिला.

एकदा मीटिंगनंतर आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. शेजारी गॅसच्या सिलिंडरची गाडी थांबली आणि पोऱ्यानं रिकामा सिलिंडर फरशीवर टाकला. लोखंडाचा तो आवाज झाला आणि मी तिथं नव्हतोच. घाम फुटला, छाती आवळली, कानात सायरन. ग्लास हातातून पडला. मास्तर बाजूला आले, मला हात लावला नाही. म्हणाले, "चप्पल जाणवतेय का पायाला? अंगठा हलवून बघा. बरं, आता मला सांगलीहून मिरजेला न्या. स्टॉप सांगा." मला आधी काही सुचेना. मग म्हणालो, राम मंदिर. "पुढं?" मार्केट यार्ड. "पुढं?" विश्रामबाग. वानलेसवाडी. मिरज येईपर्यंत श्वास जागेवर आला होता. टपरीवाल्यानं दुसरा चहा दिला. मास्तरांनी काय झालं ते विचारलं नाही. मीच म्हणालो, "सिलिंडरचा आवाज." ते म्हणाले, "बरं." त्या रात्री घरी चालत जाताना मी त्यांना ती सगळी रात्र सांगितली. वाटेत कुणी हसलं नाही. त्यांनी त्यांचं दुःखही मधे आणलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर एवढंच विचारलं, "हे सांगून आज झोप लागेल का? नाहीतर मी अकराला एक फोन करतो."

आठ महिन्यांनी स्लिप झाली. एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या अंत्यविधीला गेलो होतो, तिथून परत येताना. तीन दिवस प्यायलो. चौथ्या दिवशी सातला फोन आला, तो मी उचलला आणि रडलो. मास्तर म्हणाले, "आधी जेवलात का ते सांगा." मग म्हणाले, "तीन दिवस सलग झालीय, एकट्यानं बंद करू नका. आता दवाखान्यात जायचं, की आधी माझ्याकडं यायचं आणि मग दोघांनी जायचं?" दोन्हींतलं मी निवडलं. निवडण्याइतका मी माणूस आहे हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आमच्या जगात 'तळ गाठल्याशिवाय वर येत नाही' असं पूर्वीपासून म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याचा जीव आधीच एकदा तळाशी घुसमटलाय त्याला आणखी खाली जाऊ द्या असं म्हणणं धोक्याचं आहे. माझ्याबरोबर त्या केंद्रात असलेले दोघं आज नाहीत.

दीड वर्ष सोबर राहिल्यावर समाजसेविका ताईंनी विचारलं की साथी म्हणून शिकणार का. बारा रविवार वर्ग भरला. तिथं कळलं की मास्तर जे करत होते त्याला नाव आहे, 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर', म्हणजे मनावरचा आघात ध्यानात ठेवून दिलेला आधार. अमेरिकेतल्या व्यसन व मानसिक आरोग्य सेवांच्या सरकारी संस्थेनं, साम्सानं, २०१४ मध्ये त्याची सहा तत्त्वं लिहून ठेवलीत. सुरक्षितता, विश्वास, निवडीचा अधिकार अशी ती आहेत, आणि समदुःखी माणसाची सोबत हेही त्यातलंच एक. मास्तरांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत. हे सगळं ते त्यांच्या साथीकडून शिकले होते.

वर्गात १९९८ चा एक अभ्यासही आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजारांहून जास्त माणसांना लहानपणी काय सोसलं ते विचारलं होतं. मारहाण, घरातलं व्यसन, आईवर होणारा अत्याचार अशा गोष्टी. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत मोठेपणी दारू, नशा, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका कित्येक पटींनी जास्त निघाला, चारपासून बारा पटींपर्यंत. ते ऐकताना मला एप्रिल २०२१ नाही आठवला. माझे वडील आठवले, आणि माजघरातल्या फळीवरून खाली पडणारी भांडी. लोखंडाचा आवाज मला आधीपासूनच नको होता. पण एक सांगायला हवं, तो आकडा समूहाचा आहे. वर्गातल्या एकानं लगेच आपले प्रकार मोजून 'माझे सहा' असं जाहीर केलं तेव्हा ताईंनी त्याला थांबवलं. समोरच्या माणसाला अशी प्रश्नावली लावून मोजायचं नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.

पिणाऱ्यानं पिणाऱ्याला सावरणं तसं जुनंच. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन एकमेकांना भेटले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. आपल्याकडं १९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथंही व्यसनातून बाहेर आलेली माणसं कार्यकर्ते झाली. माझ्या मते नवं आहे ते एवढंच, की जखम दाखवल्याशिवायही माणसाला आत येऊ द्यायचं.

आणि हे मला इतकं नीट कळलेलं असताना मी चुकलो.

साथी झाल्यावर माझ्याकडं पहिला आला तो चोवीस वर्षांचा पोरगा. झोपेच्या गोळ्यांची नशा. पाठ कायम भिंतीला लावून बसायचा, कुणी उठलं की दचकायचा. मला त्याच्यात मीच दिसलो. दुसऱ्याच भेटीत, त्याला मोकळं वाटावं म्हणून, मी माझी रात्र सांगितली. सगळी, गेटासकट, सायरनसकट. तो मान खाली घालून बुटाची लेस गुंडाळत राहिला, सोडत राहिला, परत गुंडाळत राहिला. मी थांबलो नाही. पुढचे तीन गुरुवार तो आला नाही.

मास्तरांकडं गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ती गोष्ट तुम्ही त्याच्यासाठी सांगितली की तुमच्यासाठी?" मी बराच वेळ गप्प राहिलो. खरं उत्तर मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळीच मला स्वप्न पडलं होतं, आणि ते कुठंतरी ठेवायचं होतं. एका पोराच्या अंगावर ते नेऊन ठेवलं होतं मी. ताई दर महिन्याला आम्हा साथींना घेऊन बसतात ते याचसाठी. आमच्या स्वप्नांची जागा तिथं आहे, किंवा डॉक्टरांकडं आहे. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. नव्या माणसाकडं ती नेऊन ठेवायची नाहीत. आज इथं मी ती रात्र अर्धीच सांगितली ती यामुळंच. वाचणाऱ्यात कोण, कसं, कुठं बसलंय मला दिसत नाही.

पोराला मी मेसेज केला. "त्या दिवशी मी जास्त बोललो. तुला विचारलं नव्हतं, विचारायला हवं होतं. यायचं नसेल तर दुसरा साथी मिळेल, तसं सांग." चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी नुसतं, "गुरुवारी किती वाजता?" त्याला वेळ ठाऊक होती. मी तरीही लिहिलं, सात ते साडेआठ, आधी पाच मिनिटं शांत, मग चहा, दाराला कडी नसते.

तो आला. दाराजवळच्या खुर्चीत बसला. त्याला आता चार महिने होत आले. मी सातला फोन करतो. क्रिकेट, त्याच्या आईचे गुडघे, मोटारसायकलचा हप्ता, यावर बोलतो. तो मीटिंगमध्ये अजून 'आज ऐकतो' म्हणतो. त्याच्यावर काय गुदरलं ते मला माहीत नाही.

गेल्या गुरुवारी मीटिंग संपल्यावर मी खुर्च्या एकात एक घालत होतो. तो दारापर्यंत गेला, परत वळला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या गुरुवारी मी येणार नाही. बहिणीची हळद आहे. त्याच्या पुढच्याला येतो."